खळ्यावर ओलीस

संध्याकाळची मुरबाडची एसटी शहापूरच्या स्टँडवर शिरते तेव्हा तिचा हॉर्न आमच्या गॅलरीत ऐकू येतो. पत्नी जाऊन वर्ष होत आलं, तरी तो ऐकला की माझ्या हातातलं पुस्तक आपोआप मिटतं. ती त्या गाडीतून उतरली का, उतरली असेल तर धड चालत येते आहे ना, हे कळेपर्यंत मला कधी वाचता आलं नाही. एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसायचो. आता गाडीत ती नसते. तिचं कुणी काही बिघडवू शकणार नाही. जी भीती एकदाची उतरावी म्हणून मी इतकी वर्षं तळमळलो ती उतरली आहे, आणि तिच्याशिवाय संध्याकाळ कशी काढायची ते मला समजत नाही.

ती मूळची बालवाडीची शिक्षिका. मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतल्या वाड्यांवर हिंडता हिंडता बायकांची संघटना उभी राहिली आणि नोकरी सुटली. रेशनकार्ड, वनजमिनीचे दावे, अडलेल्या बाईसाठी वेळेवर गाडी, मारकुट्या नवऱ्याला दारात जाऊन विचारलेला जाब, अशी तिची कामं. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. तिला सगळे ताई म्हणत, म्हणून मी आपोआप दाजी झालो आणि बहिणीच्या नवऱ्याची करायची ती सगळी थट्टा माझ्या वाट्याला आली. "दाजी, ताई गावभर हिंडते, मग भाकऱ्या कोन थापतं? पुस्तकात बघून तुमीच थापता का?" असं टोकावड्याच्या बायका विचारायच्या. मी नुसता हसायचो.

एकदा सकाळी आमच्या फाटकाला टाचण्या टोचलेलं लिंबू टांगलेलं होतं. कुणाचा तरी दारूचा गुत्ता तिनं बंद पाडला होता, त्याचं ते उत्तर असावं. मी हात लावायला धजलो नाही. तिनं टाचण्या एकेक काढून डबीत ठेवल्या, लिंबू धुतलं, चिरलं आणि पोह्यांवर पिळलं. मी ते पोहे खाल्ले, पण घासागणिक तिच्या तोंडाकडे बघत. काही माणसांना सूर कळत नाही, तशी हिला भीती कळत नसावी, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. आमच्या घरातली भिण्याची सगळी जबाबदारी माझ्यावर आहे असं मी धरून चाललो होतो.

वैशाखऱ्याच्या वरच्या अंगाला, घाटाच्या डोंगराला चिकटून एक वाडी आहे. तिचं नाव लिहीत नाही. तिथं एक विधवा बाई एकटी राहायची. ज्या वर्षी मी निवृत्त झालो त्या वर्षीच्या पावसाळ्यात वाडीत ताप शिरला आणि एक तान्हं मूल गेलं. लोक भगताकडे गेले. त्यानं तांदूळ टाकून पाहिले. जादूटोण्याविरुद्धचा कायदा आल्यापासून भगत कुणाचं नाव घेत नाहीत. हा एवढंच म्हणाला, की उगवतीला दार असलेल्या, पुरुषमाणूस नसलेल्या घरातून हे येतंय. वाडीत तसं घर एकच होतं.

तेव्हापासून त्या बाईला पाठीमागं भुताळी, म्हणजे चेटकीण, म्हणू लागले. तिच्याशी बोलणं बंद झालं, तिच्या हातचं पाणी बंद झालं, आणि भातकापणी आली तेव्हा तिच्या शेताकडे कुणी फिरकलं नाही. त्या वाडीत कापणी एकट्यादुकट्याची नसते. आज सगळे तुझ्या शेतावर, उद्या सगळे माझ्या, अशी ती होते. तिचं पिवळं झालेलं भात उभंच राहिलं.

अशा बायकांचं पुढं काय होतं ते मी वर्तमानपत्रात वाचत आलो होतो. आधी अबोला, मग अंगणात दगड, मग एके सकाळी पोलिसांची गाडी. पत्नीनं तिला पोलिसांत जायचं का म्हणून विचारलं होतं. ती म्हणाली, "पोलीस येतील नि जातील. मना हितंच रायचं हाय." तिला त्याच घरात, जिवंत आणि धड राहू देणं, एवढंच काम होतं. पत्नीनं ठरवलं की वाडी येत नसेल तर संघटना येईल. टोकावड्याच्या आणि शहापूरकडच्या बायका जीप करून गेल्या आणि तिचं भात कापून, भारे बांधून खळ्यावर आणून ठेवून आल्या. मग झोडणीचा दिवस ठरला. त्या दिवशी मीही निघालो. घरात बसून भिण्याचा मला कंटाळा आला होता.

जीप खाली रस्त्यावर राहिली. पायवाट वर चढते तिथं एक उंबर आहे. पत्नी त्याच्याखाली चपलेचा बंद नीट करायला म्हणून बसली आणि आम्हाला म्हणाली, "व्हा पुढं." थोड्या वेळानं ती वर आली तेव्हा तिचा चेहरा नेहमीसारखाच होता.

खळं शेणानं सारवलेलं, टणक होतं. बायकांनी पदर खोचले आणि भारे दगडावर आपटायला सुरुवात केली. मला त्यांनी पेंढा बाजूला रचायला लावलं. "दाजी, पेंढा हाय तो, पुस्तक नाय. असा उभा नाय ठेवायचा, आडवा ठेवा." विधवा बाई पहिल्यांदा तोंडाला पदर लावून हसली. मला वाटलं, आपण उगीच भ्यालो.

दुपार कलली तेव्हा भात खळ्याच्या मध्ये ओढून त्याची रास केली. रास मापायला लागल्यावर खळ्यावर कुणी बोलत नाही, ही तिकडची रीत मला माहीत होती, म्हणून बायका गप्प झाल्या त्याचं काही वाटलं नाही. पण मापणं थांबलं तरी त्या गप्पच राहिल्या. एकमेकींकडेही बघेनात. मग माझ्या लक्षात आलं की कुंपणापलीकडे वाडीतली माणसं येऊन उभी राहिली आहेत आणि तीही बोलत नाहीत. सगळी त्या राशीकडे बघत होती.

रास मोठी होती. त्या सालच्या वाडीतल्या कुठल्याही राशीपेक्षा मोठी होती. कारण साधं होतं, पण ते मला घरी येऊन दोन दिवस झोपल्यावर सुचलं. दिवाळीच्या तोंडावर परतीचा पाऊस कोसळला तेव्हा वाडीचं सगळं भात कापून शेतात आडवं पडलेलं होतं. ते भिजलं, काळं पडलं, जागच्या जागी मोड फुटले. हिच्या शेतावर कुणी गेलंच नव्हतं, म्हणून हिचं भात उभं होतं आणि वाचलं. त्यांच्याच बहिष्कारानं हिची रास वाढवली होती. पण कुंपणापलीकडून बघणाऱ्यांना एवढंच दिसत होतं की सगळ्या वाडीचं भात गेलं आणि ते इथं येऊन पडलंय. भुताळी दुसऱ्याच्या खळ्यावरचं धान्य ओढून घेते, असं तिकडं लहान पोरही सांगेल. आम्ही दिवसभर घाम गाळून त्यांच्यासमोर पुरावा रचून ठेवला होता.

त्या बाईच्या दिराचा मुलगा पुढं आला. तिशीतला, काटक माणूस. त्याची मुलगी तापानं फणफणलेली होती आणि आदल्या दिवसापासून धड डोळे उघडत नव्हती. तो ओरडला नाही. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

"ताई, हिला आजच्या आज खाली घेऊन जा. उद्याचं आमी काय सांगत नाय."

"ती कुठं जाईल? तिचं घर इथं आहे," पत्नी म्हणाली.

"मग माजी पोर जाईल."

"पोरीला दवाखान्यात का नाही नेलं?"

"भगत बोलला, उंबऱ्याभायेर काढायची नाय."

मागून एक माणूस म्हणाला, "रास बघा ना ताई. डोळं हायत ना तुमाला? कुटनं आली येवडी?" दुसऱ्या कुणीतरी खाली वाकून दगड उचलला. कदाचित नुसताच उचलला असेल. हातात काही असावं म्हणून माणूस उचलतो तसा. मी रचलेल्या पेंढ्याला पाठ टेकून उभा राहिलो.

पत्नी पावसाचं काही बोलली नाही. पुतण्याच्या जवळ गेली आणि म्हणाली, "तुम्ही म्हणता हिची नजर आहे. बरं, असू दे. मग पोरीला नजरेच्या टापूत कशाला ठेवतोस? मुरबाडला नेऊ. जीप खाली उभी आहे. ही इथंच राहील, तुमच्या सगळ्यांच्या डोळ्यासमोर. जागची हलणार नाही."

त्याला ते पटलंही आणि पटलं नाहीही. तो मुलीसाठी इतका भ्यालेला होता की त्याला कुठूनही दार हवं होतं. "आन् वाटंत पोरीला काय झालं तं? तुमी गेल्या शहापूरला, आमी कोनाला इचारायचं?"

पत्नीनं वळून माझ्याकडे बघितलं. पुढचं मला तेव्हाच कळलं.

"हे इथं राहतील," ती म्हणाली.

मग एक म्हणाला, "दाजींचं काय करायचं आमी?"

"काही करू नका. मला एवढा एकच नवरा आहे. त्याला इथं टाकून मी पळणार नाही, एवढं तरी धरून चाला."

कुंपणाशी एक म्हातारी काठी टेकून उभी होती. ती म्हणाली, "पळायची असती तं कवाच पळाली असती गो. असल्या दादल्याला कोन सांभाळतं!" दोघीतिघी हसल्या. दगड उचललेला माणूसही ओठ दाबून हसला. त्या म्हातारीचे उपकार मी विसरलेलो नाही.

मग सगळं भराभर झालं. गोधडीची झोळी करून मुलीला उचललं. आई आणि बाप दोघंही निघाले. संघटनेच्या बायकांना त्याच जीपनं परतायचं होतं. पत्नी माझ्यापाशी आली. भिऊ नका असं ती म्हणाली नाही. "चष्मा सांभाळा," म्हणाली. "आणि आपल्या डब्यातलं खाऊ नका. ती देईल ते खा. आत नको, दारात बसून खा." मग ती झोळीच्या मागं उतरत गेली, आणि वळणापलीकडे गेल्यावर तिचा आवाजही येईनासा झाला.

मुलगी वाटेत गेली तर काय, हा हिशेब वाडीतल्या प्रत्येकाच्या डोक्यात होता. माझ्याही होता. मग ही बाई राहणार नाही, आणि मी इथं आहे, आणि पत्नी खाली ज्या गाडीत आहे तिथं त्या मुलीचा बाप आहे. मोबाइलला रेंज नव्हती. वर एका खडकावर चढलं तर कधीमधी येते, असं कळलं. पण मी खळं सोडलं असतं तर मी पळतोय असं दिसलं असतं.

दोघं जण समोरच्या आंब्याखाली बसले. एकाच्या हातात कोयता होता. तो बांबूच्या कांबट्या काढत होता, टोपलीसाठी. रोजचं काम होतं ते. पण प्रत्येक कांबटी फाटली की माझी मान तिकडे वळायची.

बाई सूप घेऊन राहिलेलं भात वारवायला लागली होती. जणू उद्या ते तिला लागणारच आहे. मध्येच थांबून विचारायची, "दाजी, ताप डोक्यात गेला नसंल ना?"

"नाही, नसेल," मी म्हणायचो.

"जलमली तवा मीच न्हाऊ घातली तिला. आता दोन मयने झालं, हात लावून देत नाय." ती स्वतःच्या जिवाबद्दल काही विचारत नव्हती. मी मात्र मुलीचा आणि स्वतःचा, दोघांचाही एकदमच विचार करत होतो, आणि तिच्यापेक्षा स्वतःचाच जास्त.

तिनं नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी आणली. मी उंबऱ्यावर बसलो. आंब्याखालचा कोयता थांबला. पलीकडच्या अंगणात भांडी घासणारी बाई हात तसेच ठेवून बघत राहिली. मी घास तोंडात घातला आणि तो गिळला जाईना. मनात टाचण्या टोचलेलं लिंबू आलं. आयुष्यभर पुस्तकांत काढलेल्या माणसाला भाकरीची भीती वाटावी याची मला तेव्हा लाजही वाटली नाही, इतका मी घाबरलो होतो. पाणी पिऊन गिळला. दुसरा सोपा गेला. चटणी चांगली होती.

"तुमी बी घाबारता," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"ताई बी तशीच."

मला वाटलं मी काहीतरी चुकीचं समजलो. ती सूप मांडीवर ठेवून सांगू लागली. "पयल्यांदा आली तवा खाली उंबराखाली बसलेली. मी पान्याला गेलेले. वाटलं, दमली. जवळ गेले तं हात लटलट कापत व्हते. बोलली, बाई, पानी दे, नि जरा बस माज्यापाशी, पाय जाग्यावर येऊ दे. मंग वर आली नि अशी बोलली सगळ्यांना, की बाप्ये गप्प. दर बारीला बसते तिथं. तुमाला नाय म्हाईत?"

मला माहीत नव्हतं. घरी आली की ती पिशवी खुंटीला लावायची, हातपाय धुवायची आणि विचारायची, "कुकर लावलात का?" इतकी वर्षं आम्ही एकाच खोलीत, एकमेकांपासून हाताच्या अंतरावर, दोघंही भीत होतो, आणि मी माझी भीती तिला दाखवायचो, ती तिची मला दाखवत नव्हती. शेवटच्या आजारपणात मी तिला हे विचारायचं ठरवलं होतं. विचारलं नाही. आता लिहितो आहे.

रात्र मी दारात बसून काढली. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. कुणी आलं नाही, एवढंच.

सकाळी वाडी कामाला लागली, पण जो तो पायवाटेकडे बघत होता. ऊन चढलं. मग आंब्याखालचा माणूस उभा राहिला. वाटेवर पुतण्या दिसला. एकटा होता. झोळी नव्हती, बायको नव्हती, माझी पत्नी नव्हती. फार हळू चढत होता.

बाई येऊन माझ्याशेजारी बसली आणि तिनं माझं मनगट धरलं. माणसं त्याच्याकडे गेली. त्यानं काय सांगितलं ते इथवर ऐकू आलं नाही, कुणाचा चेहराही दिसला नाही, सगळ्यांच्या पाठी आमच्याकडे होत्या. मी मनातल्या मनात त्याच्याशी बोलायची वाक्यं जुळवत होतो आणि ती सगळी पुस्तकी होती.

तो गर्दीतून निघाला आणि खळ्यापाशी आला. रात्रभर जागल्यानं डोळे लाल झाले होते. माझ्याकडे बघून म्हणाला, "पोर शुद्धीवर आली. हिवताप हाय बोलतात. सुई लावलीय. तिची आई हाय तिकडं, ताई बी हायत. तुमी जा आता, दाजी."

बाईनं माझं मनगट सोडलं नाही. तो तिच्याकडे बघत नव्हता. खळ्याकडे, राशीकडे, पेंढ्याकडे बघत उभा होता. मग एकदम तोंड वाकडं करून म्हणाला, "काकी, कोंबड्या शिरल्यात राशीत. दिसत नाय का तुला?"

"दिसतंय ना रे!" ती फाडकन म्हणाली. "मी हितं बसलेय, तू तिथं उभा हायेस. तूच हाकल ना!"

त्यानं हाकलल्या.

एवढ्यानं वाडी बदलली असं मी म्हणणार नाही. काही घरांनी तिच्या हातचं पाणी पुढंही बरेच दिवस घेतलं नाही. तांदूळ टाकून सांगितलेली दिशा कुणी पुसली नव्हती. मुलगी बरी होऊन आली म्हणून ती बाई वाचली होती, आणि दुसरं कुठलं मूल बरं झालं नाही तर काय, हे तिला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. म्हणून वाडीत कुठलंही मूल तापलं की सगळ्यांत आधी धडकी तिला भरते. ती त्या दारात जाऊन उभी राहते. आधी शिव्या खायची, आता खात नाही. आईला उठवते, मुलाला पाठुंगळी घेते आणि टोकावड्याच्या दवाखान्यापर्यंत चालत जाते. गोळ्या पुऱ्या संपल्या का ते बघायला पुन्हा दारात. पत्नी म्हणायची, आमच्या संघटनेत तिच्याइतकं चोख काम कुणी करत नाही. मी एकदा त्या बाईला विचारलं होतं, की हे सगळं भीतीपोटी का? ती म्हणाली, "मंग कशापायी करनार?"

पत्नी गेल्यावर दहाव्याच्या आदल्या दिवशी ती शहापूरला आली. दोन एसट्या बदलून, एकटी. पिशवीत नव्या भाताचे तांदूळ होते. माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि रडली, मोठ्यानं, मला ज्या रीतीनं रडता येत नव्हतं त्या रीतीनं. मी तिला म्हटलं, उद्याचं होईपर्यंत राहा. ती मान डोलावत होती, पण नजर पुन्हा पुन्हा दाराकडे जात होती. चहाचा कप अर्धा तसाच ठेवून ती उठली.

"दाजी, राग मानू नका. वाडीत एका पोराला खोकला सुटलाय. संध्याकाळच्या आत मना वर पोचाया पायजे."

मी तिला स्टँडवर सोडायला गेलो. मुरबाडची गाडी लागलेलीच होती. ती पुढच्या दारानं चढली आणि ड्रायव्हरला विचारू लागली की गाडी कधी सुटणार.